५०० तबकड्या आणि एक उसनी गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या स्वतंत्र लेबलांवर, म्हणजे गाणी छापून विकणाऱ्या लहान कंपन्यांवर, आलेला लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आधी आभार. पण त्यातल्या एका वाक्याला हरकत घेतल्याशिवाय राहवत नाही. ‘चार पोरांनी घरच्या संगणकावर ठेका तयार केला आणि रातोरात त्यांचं लेबल जगभर पोहोचलं,’ असं लेखकमहाशय लिहितात आणि दाखल्यादाखल इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या वॉर्प रेकॉर्ड्सचं नाव देतात. पुढे म्हणतात, की आता तर लेबल नावाच्या मध्यस्थाचीही गरज संपली आहे.

मी संगीतातला जाणकार नाही. माझी सगळी नोकरी लहानमोठ्या कारखान्यांच्या वह्या तपासण्यात गेली. कुणी रातोरात मोठं झालं असं वाचलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: मग माल उचलला कुणाच्या पैशानं? या विषयात मी पडलो तो मुलीमुळे. ती हे असलं संगीत करते. मध्यंतरी तिला एका लेबलकडून करारपत्र आलं आणि तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. ‘बाबा, सही करण्याआधी एकदा बघा ना.’ करार बघायचा तर धंदा कळायला हवा, म्हणून जुन्या लेबलांच्या कहाण्या वाचत गेलो. त्यात वॉर्पची सर्वात जास्त आवडली, कारण तिच्यात पैशाची वाट नीट दिसते.

गोष्ट १९८९ साली सुरू होते, पण तिचा पहिला मोठा खर्च त्याआधीच एका भलत्या कंपनीनं करून ठेवला होता. एमसीए या बड्या अमेरिकी कंपनीनं शेफिल्डच्या चॅक नावाच्या बँडला करारापोटी उचल दिली. त्या मंडळींनी ती मौजमजेत उडवली नाही, तिच्यातून फॉन नावाचा स्टुडिओ उभारला. बँड फारसा चालला नाही; स्टुडिओ चालला. एमसीएच्या वहीत ही रक्कम बहुधा बुडीत खात्यात गेली असेल, पण शेफिल्डच्या संगीताला ती भांडवल म्हणून लाभली. या स्टुडिओत रॉबर्ट गॉर्डन हा ध्वनितंत्रज्ञ तयार झाला. फॉनच्याच नावाचं रेकॉर्डचं एक दुकान गावात होतं, ते स्टीव्ह बेकेट आणि रॉब मिचेल चालवत. हे तिघं वॉर्पचे संस्थापक. तेव्हा लेखातला ‘घरचा संगणक’ जरा बाजूला ठेवू. सुरुवातीला होतं ते दुकान, आणि दुसऱ्याच्या उचलीवर बांधलेला स्टुडिओ.

दुकानाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाईक काय मागतं, काय ऐकून परत ठेवतं आणि काय मिळालं नाही म्हणून हिरमुसून जातं, हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळतं. त्या काळात अमेरिकेतून बारा इंची तबकड्या येत असत. शिकागोचं हाउस, डेट्रॉइटचं टेक्नो, दोन्ही यंत्रांवर केलेली नाचाची संगीतं. डेट्रॉइटमध्ये वान अ‍ॅटकिन्सनं १९८५ साली मेट्रोप्लेक्स आणि डेरिक मेनं १९८६ साली ट्रान्समॅट ही स्वतःची लेबलं काढली होती. बड्या कंपन्या दार उघडत नव्हत्या, म्हणून वादकांनी स्वतःच छापायला घेतलं होतं. त्या तबकड्या विकत घेणारी शेफिल्डमधली आणि शेजारच्या लीड्समधली मुलं घरी जाऊन स्वतः काहीतरी करत आणि कॅसेट घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर येत. गिऱ्हाईकच माल आणून देऊ लागलं! बाजारपेठेचा असा अभ्यास पैसे मोजूनही विकत मिळत नाही.

आता पैशाकडे येतो. त्या वेळी ब्रिटिश सरकारची ‘एंटरप्राइज अलाउन्स’ नावाची योजना होती. बेकार माणसानं स्वतःचा धंदा काढायचा, खात्यात १,००० पौंड असल्याचं दाखवायचं, मग सरकार त्याला वर्षभर आठवड्याला ४० पौंड देणार. हे हजार पौंड कित्येकांनी मित्राकडून एका दिवसापुरते आणून दाखवले, असं त्या पिढीचे लोक हसत हसत सांगतात. पोलादाचे कारखाने बंद पडून बेकारांची गर्दी झाली होती, त्यांचा आकडा कमी दिसावा हाही सरकारचा हेतू होताच. त्यातून देशाला नाचायचं संगीत मिळेल हे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात कुणाच्या स्वप्नातही नसेल. वॉर्पची पहिली तबकडी या अनुदानातून निघाली. प्रती फक्त ५००. त्या दुकानोदुकानी पोहोचवल्या त्या उसन्या गाडीतून. (वाहतूक खर्च शून्य दाखवला असता तर मी तो ताळेबंद मंजूर केला नसता, हे जाता जाता.)

ही पहिली तबकडी फोर्जमास्टर्स या नावानं निघाली. गॉर्डन, विन्स्टन हेझल आणि शॉन माहर हे तिघं त्यात होते. नाव त्यांनी गावातल्या पोलाद कंपनीवरूनच उचललं होतं. तबकडीवर क्रमांक पडला ‘वॅप १’. मुलीनं मला सांगेपर्यंत हे ठाऊक नव्हतं, की या जगात लोक गाण्याच्या नावापेक्षा कॅटलॉग क्रमांक जास्त ध्यानात ठेवतात. बिलावरचा क्रमांक हे आमच्या धंद्याचं दैवत, त्यामुळे या मंडळींबद्दल मला लगेच आपुलकी वाटली.

या सुरुवातीच्या तबकड्यांचा आवाज कसा होता, याबद्दल आपल्या लेखात ‘कर्कश ठेका’ एवढेच दोन शब्द आहेत. प्रत्यक्षात उलट होतं. वर एखाददुसरा टिपटिप असा स्वच्छ सूर आणि खाली पोटात जाणवेल असा खर्ज. या प्रकाराला पुढे ‘ब्लीप’ म्हणू लागले. शेफिल्ड-लीड्सच्या यॉर्कशर परगण्यातल्या कॅरिबियन वस्त्यांत रेगे-डब या खर्जप्रधान जमैकन संगीताच्या साउंड सिस्टिम होत्या, माणसाच्या उंचीचे स्पीकर रचून वाजवायच्या. तिथला खर्ज आणि डेट्रॉइटची यंत्रं यांचा तो संकर. स्वीट एक्झॉर्सिस्ट या जोडीनं तर ध्वनियंत्रं तपासायला वापरतात त्या चाचणीच्या सुरांवरच एक आख्खी तबकडी उभी केली. त्या जोडीतला एक रिचर्ड कर्क. कॅबरे व्होल्तेअर या शेफिल्डच्याच जुन्या प्रायोगिक गटातला.

खर्जाचा खर्च असतो, हे मला या वाचनात कळलं आणि फार गंमत वाटली. तबकडीवर आवाज म्हणजे खाच. खर्ज जितका खोल आणि मोठा, तितकी खाच जास्त हेलकावे घेते आणि शेजारच्या खाचेपासून तिला तितकं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे एका बाजूवर मिनिटं कमी बसतात. फार ओढाताण केली तर सुई उडते. म्हणून खर्ज डाव्या-उजव्या बाजूंत न विभागता मधोमध ठेवतात आणि एका गाण्याला बारा इंचांची आख्खी बाजू देतात, मिनिटाला ४५ फेऱ्यांवर. खाचा कापणारा कारागीर आधी लॅकरची मऊ तबकडी कापतो, तिच्यावरून धातूचे ठसे निघतात, त्या ठशांतून विनाइलच्या प्रती दाबून काढतात. यातल्या प्रत्येक पायरीचं बिल येतं, आणि ते गाणं विकलं जाण्याच्या आधी येतं. संगणकावर गाणं करायला काही लागत नाही, हे मान्य. पण नाचणाऱ्याच्या पोटापर्यंत ते पोहोचवायला १९८९ साली कारखाना लागत होता.

१९९० साली वॉर्पनं काढलेली लीड्सच्या एलएफओ या जोडीची तबकडी ब्रिटनच्या राष्ट्रीय खपाच्या यादीत १२ व्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी वॉर्पचीच ‘ट्रिकी डिस्को’ १४ व्या क्रमांकावर. दुकानातून निघालेल्या वर्षभराच्या लेबलासाठी हे अचाटच. आपल्या लेखकांना इथे ‘रातोरात’ दिसलं असावं. मला मात्र इथे धोका दिसतो.

कारण सांगतो. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून बुडालेले कारखानदार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. लेबलाचंही अगदी तसंच होतं. तबकडी चालली की दुकानं आणखी मागतात. छापखाना रोख मागतो, निदान लहान लेबलाकडे तरी. वितरक पैसे देतो दोन-तीन महिन्यांनी, तेही न खपलेल्या प्रती परत करून, त्यांची किंमत वजा करून. म्हणजे पहिल्या हजारांचे पैसे हाती यायच्या आत पुढच्या दहा हजारांचे द्यायचे. वर गाणं यादीत चढत असतं, पार्टीला बोलावणी येत असतात, आणि बँकेत खडखडाट. यशानं मरणारा धंदा तो हाच. त्यात वितरकच कोसळला तर विचारायलाच नको. १९९१ साली रफ ट्रेड या वितरकाचं काम कोसळलं तेव्हा कितीतरी लहान लेबलांची येणी त्यात अडकली.

आणि नुसता नावलौकिक कामाचा नाही, याचं उदाहरण शेजारच्याच मँचेस्टरमध्ये आहे. फॅक्टरी रेकॉर्ड्सचा दबदबा केवढा! कलाकारांशी करार करायचे नाहीत, दोस्ती पुरे, असा त्यांचा खाक्या. १९९२ साली फॅक्टरी डबघाईला आली तेव्हा लंडन रेकॉर्ड्सनं ती विकत घ्यायची तयारी दाखवली. कागद तपासले तर काय निघालं? रेकॉर्डिंगचे हक्क वादकांचेच, कंपनीचे असं लिहिलेलं काही नाहीच. विकत घेण्यासारखं काही उरलं नाही, सौदा फिसकटला. वादकांच्या दृष्टीनं हे न्याय्यच झालं, माझी त्याला हरकत नाही. पण लेबलाची मालमत्ता म्हणजे काय, तर हक्कांचा कागद आणि जुना कॅटलॉग, हे त्या एका प्रसंगातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या पाठ्यपुस्तकातून दिसणार नाही.

त्याच १९९२ सालात वॉर्पनं जे केलं, ते माझ्या मते त्यांच्या वाढीचं खरं कारण. रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायच्या, पार्ट्यांची तेव्हा लाट होती. दर आठवड्याला शेकडो बारा इंची तबकड्या निघत, त्यातल्या कित्येकींवर मधोमध नुसता कोरा पांढरा कागद, आणि दीड-दोन महिन्यांत त्यांना कुणी विचारत नसे. नाशवंत माल. बेकेट आणि मिचेल यांनी एक बारीक गोष्ट टिपली: लोक पहाटे क्लबातून घरी येतात, झोप तर येत नसते, मग ते काहीतरी लावून बसतात. त्या वेळचं संगीत कुणी विकतच नव्हतं. त्यांनी एक संकलन काढलं, नाव ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’. (आजच्या बातम्यांशी त्याचा संबंध नाही, तेव्हा संपादकांनी कृपया ते विज्ञान पानावर ढकलू नये.) मुखपृष्ठावर एक यंत्रमानव आरामखुर्चीत रेलून ऐकतोय आणि जमिनीवर पिंक फ्लॉइड आणि क्राफ्टवेर्क या जुन्या बँडांची कव्हरं पसरलेली. म्हणजे ग्राहकाला सरळ सांगणं होतं: हे बसून ऐकायचं आहे, आणि त्या जुन्या आल्बमांसारखं जपून ठेवायचं आहे.

नृत्यसंगीताचं लेबल टिकलं ते न नाचण्याच्या संगीतावर! यातला विनोद बाजूला ठेवला तरी हिशेब पक्का होता. सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची, तबकडी खपली तर खपली. आल्बम वर्षानुवर्षं थोडा थोडा खपत राहतो. दर वर्षी कॅटलॉगात भर पडते आणि जुना माल नव्याचा खर्च उचलू लागतो. त्या संकलनात रिचर्ड जेम्स, म्हणजे एफेक्स ट्विन, दुसऱ्याच नावानं होता. ऑटेकर ही जोडी होती. पुढे दोघांचे आल्बम वॉर्पनं काढले. १९९४ साली एफेक्स ट्विनचा एक दोन तासांहून मोठा आल्बम आला. त्यात ठेका जवळपास नाही आणि एक सोडून कुठल्याच रचनेला नाव नाही. तरी तो ब्रिटिश आल्बम यादीत ११ व्या क्रमांकावर गेला. अशा मालावर पैसे लावायला छाती लागते. मोठ्या कंपनीत असा प्रस्ताव मांडणाऱ्याला बैठकीतून बाहेर काढलं असतं.

ऑटेकरवरून आठवलं. १९९४ साली ब्रिटिश सरकारनं एक फौजदारी कायदा आणला. उघड्यावर रात्री १०० किंवा त्याहून जास्त माणसं जमून जोरात संगीत वाजत असेल, तर पोलिसांना ते बंद पाडता यावं अशी त्यात तरतूद. आता ‘संगीत’ म्हणजे काय याची व्याख्या करताना कायद्यानं चक्क एकापाठोपाठ एक येणाऱ्या पुनरावृत्तीच्या ठेक्यांचा उल्लेख केला. ऑटेकरनं त्यावर वॉर्पकडून एक ईपी, म्हणजे मोजक्या रचनांची छोटी तबकडी, काढली. तिच्यातल्या एका रचनेत कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत, अशी योजना केली. वेष्टनावर इशारा छापला, की बाकीच्या दोन रचनांत पुनरावृत्तीचे ठेके आहेत, तेव्हा सील तोडाल तर जबाबदारी तुमची. आणि ही न-पुनरावृत्त रचना वाजवताना सोबत एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ बाळगावा, म्हणजे पोलीस आले तर खातरजमा करता येईल. मिळालेला पैसा ‘लिबर्टी’ या नागरी हक्कांच्या संस्थेला दिला. कायद्याच्या भाषेला कायद्याच्याच भाषेत इतकं सणसणीत उत्तर मी क्वचित वाचलं आहे. ऑटेकरचं संगीत मला आजही झेपत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मुलगी म्हणते, सवय होईल. झालेली नाही.

आपल्या लेखात कव्हरांबद्दल अवाक्षर नाही, म्हणून थोडं लिहितो. वॉर्पची सुरुवातीची जांभळी कव्हरं आणि बोधचिन्ह शेफिल्डच्याच ‘द डिझायनर्स रिपब्लिक’ या कचेरीनं केलं. इयन अँडरसननं ती १९८६ साली काढलेली. दुकानाच्या दुसऱ्या टोकावरूनही ते जांभळं कव्हर ओळखू येई. लोक कलाकाराचं नाव न वाचता ‘वॉर्पचं नवीन काय आलंय’ असं विचारू लागले, तिथे लेबल खरं उभं राहिलं असं मी मानतो. कारण त्या दिवसापासून एका अनोळखी मुलाच्या पहिल्या तबकडीलाही गिऱ्हाईक तयार असतं. या पुण्याईची वहीत नोंद करायला आम्ही ‘गुडविल’ असा एक रकाना ठेवतो आणि त्यात आकडा भरताना दर वेळी भांडतो.

पुढचं थोडक्यात. भागीदारीत बदल झाले. गॉर्डन पहिल्या काही वर्षांतच बाहेर पडला. १९९८ साली बोर्ड्स ऑफ कॅनडा या स्कॉटिश जोडीचा आल्बम वॉर्पनं स्कॅम या मँचेस्टरच्या अगदी छोट्या लेबलासोबत मिळून काढला. छोट्याला गिळून टाकण्याऐवजी त्याचं नाव कव्हरवर ठेवलं, हे मला आवडलं. (आणि तो आल्बमही. रात्री पत्रं लिहिताना लावतो. हेही पत्र त्याच्याच सोबतीनं लिहितो आहे.) २००० च्या सुमारास बिऱ्हाड लंडनला हललं. २००१ साली रॉब मिचेल कर्करोगानं गेला. दोघांच्या भागीदारीतला एक असा मध्येच गेला की बहुतेक धंदे एक तर विकले जातात, नाहीतर गप्प बसून जुन्या मालावर जगतात. वॉर्पनं याच काळात सिनेमात पाय टाकला. त्यांच्या पहिल्याच लघुपटाला बाफ्टा हा मानाचा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

त्यापेक्षा २००४ सालची गोष्ट धंद्याच्या दृष्टीनं मोठी आहे. त्या जानेवारीत वॉर्पनं ‘ब्लीप’ हे स्वतःचं डाउनलोड दुकान उघडलं. ॲपलचं आयट्यून्स दुकान ब्रिटनमध्ये यायला अजून काही महिने होते. बड्या कंपन्या तेव्हा चोरीच्या भीतीनं गाण्याला डिजिटल कुलूप घालत. विकत घेतलेलं गाणं अमुकच यंत्रावर वाजेल, तमुकवर नाही. ब्लीपनं साधी, बिनकुलपाची एमपीथ्री विकली. पैसे दिलेत ना, मग ती तुमची. आणि दुकानात फक्त स्वतःचा माल न ठेवता इतर स्वतंत्र लेबलांचाही ठेवला. काउंटरवरून सुरू झालेली ही मंडळी पंधरा वर्षांनी पुन्हा काउंटरवरच येऊन बसली, फक्त या वेळी खाली जमीन नव्हती. गिऱ्हाइकावर विश्वास ठेवायचा हे त्यांना जुन्या दुकानातच कळलेलं असणार. कुलूप लावून कुणी पुन्हा दुकानात येत नाही.

आता माझ्या सर्वात लाडक्या वस्तूकडे येतो. २०१४ साली एफेक्स ट्विनचा ‘सायरो’ आल्बम आला, पुढल्या वर्षी त्याला नृत्य/इलेक्ट्रॉनिक गटातलं ग्रॅमी मिळालं. ते असो. त्याचं कव्हर बघा! चित्र नाही, छायाचित्र नाही. त्या आल्बमवर झालेला खर्चच तपशीलवार छापला आहे: बनवण्याचा, जाहिरातीचा, पाठवण्याचा, बाबवार. काम पुन्हा त्याच डिझायनर्स रिपब्लिकचं. मुलीनं ती तबकडी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘हे तुमच्यासाठीच काढलंय त्यांनी.’ मी सवयीनं बेरीज करायला बसलो तेव्हा ती हसत सुटली. आयुष्यभर खर्चाची पानं तपासली, पण ती चौकट करून भिंतीवर लावण्याजोगी असतात असं मला त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

राहता राहिलं ते ‘लेबलची गरज संपली’ हे विधान. गाणं लोकांपुढे ठेवण्यासाठी लेबल लागत नाही, हे खरंच आहे. बँडकॅम्प या संकेतस्थळावर कुणीही आपला माल मांडू शकतो. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, उरलेल्यातून देवघेवीचा खर्च गेला की बाकी वादकाचं. पण स्ट्रीमिंगचं बघा. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळणार नाही. मुलीच्या कितीतरी मैत्रिणी-मित्रांची गाणी या रेषेखाली आहेत. रेषेच्या वर आणणारं कुणीतरी लागतं. आणि बड्यांशी दराची घासाघीस करायला एकटादुकटा वादक पुरा पडत नाही. त्यासाठी तर स्वतंत्र लेबलांनी २००७ साली ‘मर्लिन’ ही सामाईक संस्था काढली. एकेकट्याला जे मागता आलं नसतं ते एकत्र येऊन मागायचं. एकट्यानं भागलं असतं तर एवढा खटाटोप कुणी कशाला केला असता?

माझ्यापुढे आलेल्या करारपत्राबद्दलही चार ओळी लिहितो, कारण आपल्या वाचकांच्या घरांतही अशी मुलं असतील. लेबलाचं नाव लिहीत नाही. करार वाईट नव्हता, आळशी होता. नफ्याचे निम्मे-निम्मे वाटे, असं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. स्वतंत्र लेबलांत ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. पण निम्मे कशाचे? तर सर्व खर्च वजा जाता. आणि ‘सर्व खर्च’ म्हणजे काय, ते कुठेच नाही. उद्या कुणी परदेशवारीचं तिकीटही त्यात घालेल. रेकॉर्डिंगचे हक्क ‘कायमचे’ लेबलाकडे. रचनेचे हक्क वेगळे असतात, त्यांचा उल्लेखच नाही. तो जाणूनबुजून गाळला की अनवधानानं, ते त्यांनाच ठाऊक. हिशेब वर्षातून किती वेळा देणार ते नाही. आणि हिशेब तपासायचा हक्क? तेही नाही.

मी पेन्सिलीनं चार गोष्टी लिहून दिल्या. खर्चाच्या बाबींची यादी जोडा, आणि ठरावीक रकमेच्या वरचा खर्च विचारल्याशिवाय करू नका. हक्क काही वर्षांपुरतेच घ्या, मुदत संपल्यावर ते परत यावेत. हिशेब सहा महिन्यांनी. वह्या तपासायची मुभा लेखी. मुलीला वाटलं, एवढं मागितलं तर ते नाद सोडून देतील. दोन दिवसांत उत्तर आलं: तीन मान्य, मुदतीबद्दल बोलू. पलीकडेही विशीतलीच मुलं आहेत, कुणाच्या तरी करारावरून नक्कल केलेला कागद पाठवत होती. पहिली आवृत्ती, गमतीची गोष्ट म्हणजे, ५०० प्रतींचीच निघणार आहे, आणि प्रेसिंगचे पैसे लेबल आगाऊ भरणार आहे. ती जोखीम ते घेताहेत, म्हणून अर्ध्या वाट्यावर त्यांचा हक्क आहे असं मी मुलीला स्पष्ट सांगितलं. ते तिला फारसं आवडलं नाही.

तेव्हा एक विनंती. या विषयावर पुन्हा लेख आला तर तो अर्थविषयक पानावरही येऊ द्या. कुठला वादक कुठल्या यंत्रावर काय वाजवतो हे मुलं आम्हाला सांगतातच. छापखान्याचं बिल कुणी भरलं, वितरकाकडून पैसे किती दिवसांनी आले, कलाकाराला हिशेबाचं पत्रक मिळालं की नाही, हे तुमच्या वार्ताहरानं विचारावं.

आणि एक किरकोळ दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘सिंथेसायझर वाजवताना कलाकार’ असं छापलं आहे. चित्रातलं यंत्र टेक्निक्सचं टर्नटेबल आहे, आणि त्याच्यावर तबकडी नाही.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस